डूकचे दाणे

"माणसाच्या गव्हाले जमीन, आन् कुत्र्याच्या दाण्याले खाट. वा रे जमाना!"

कुंपणापलीकडून रुपराव पुटपुटला. आमच्या दोन घरांमधलं कुंपण तुऱ्हाट्यांचं, तुरीच्या वाळक्या काड्यांचं. त्यातून कुत्रा जात नाही, पण कुरकूर आरपार जाते. मी माझ्या पिठाच्या गिरणीच्या दारात चाळणी झटकत बसले होते. एप्रिलचं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर आलं होतं आणि सक्करदऱ्याचं तळं खाली जाऊन मधे मातीची पाठ दिसायला लागली होती.

"हळू बोला," त्याची बायको अंजनाबाई म्हणाली. "त्याले समजते."

"कोनाले? कुत्र्याले?"

"हाव. बंगल्यातला हाय तो."

"आन् मी?"

"तुमी सक्करदऱ्यातले."

रुपरावला हसू आलं, हसण्यातून खोकला आला, आणि खोकल्यात बाकीचं भांडण वाहून गेलं. मिलमधल्या कापसानं त्याची छाती भरून टाकली होती. काम सुटून दोन वर्षं झाली होती.

खाटेवर धुतलेलं लुगडं अंथरलं होतं. त्यावर तपकिरी, बटणाएवढे दाणे एकेरी थरात पसरलेले. अंजनाबाई हातात काडी घेऊन कावळे हाकलत होती. खरं तर कावळे येतच नव्हते. खाटेखाली सावलीत डूक झोपला होता. लांब कान, पोटाखाली मळलेले केस, आणि तोंडावर म्हातारपणी पांढऱ्या होतात तशा मिशा. त्याचं खरं नाव ड्यूक. आमच्या जिभेवर तो डूक झाला आणि गल्लीतल्या पोट्ट्यांनी त्याचा डुक्कर केला. अंजनाबाई प्रत्येकाला थांबवून सांगायची, "डुक्कर नाई रे, डूक. विलायतेत राजाच्या खालोखाल असते तो." पोट्टे त्याला नमस्कार करून "राम राम डुक्करसाहेब" म्हणायचे.

हा राजाच्या खालोखालचा माणूस आमच्या गल्लीत कसा आला, ते सांगते.

अंजनाबाई नऊ वर्षं सिव्हिल लाईनमधल्या एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. साहेब खाणीखात्यातले, जीपनं कन्हानकडे जात-येत असायचे. मॅडम उत्तरेकडच्या, हिंदी बोलणाऱ्या. त्यांची मुलगी बेबी अंजनाबाईच्या हातची निखाऱ्यावर भाजलेली गाकर खाऊन मोठी झाली. मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास साहेबांची दिल्लीला बदली झाली. सामान गेलं, साहेब गेले, आणि निघायच्या दिवशी मॅडमची गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली. आत शिरेना, म्हणून डूकला चालवत आणलं. मागून ड्रायव्हर एक भलं मोठं पुडकं खांद्यावर घेऊन आला. जाड कागदाचं, वर हसणाऱ्या कुत्र्याचं चित्र. मॅडमचा भाऊ परदेशातून येताना ते घेऊन यायचा. कुत्र्यांसाठी कंपनीत केलेलं कोरडं खाणं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रुपरावनं एक दाणा हुंगून पाहिला. "आपल्या टोस्टापेक्षा बरा वास हाय," म्हणाला.

मॅडमनं जाताना सगळं समजावून सांगितलं. झाकण घट्ट लावायचं. ओला हात लावायचा नाही. उन्हात ठेवायचं नाही. ठंडी और सूखी जगह. आणि भाकरी-बिकरी अजिबात द्यायची नाही, एकदा सवय मोडली की तो हे खाणार नाही, मग दिल्लीत पंचाईत. "बस, दो महीने की बात है, अंजनाबाई. क्वार्टर मिलते ही आप दोनों को बुला लूँगी." बंगल्यामागे नोकरांची खोली असते, तीही सांगितली. एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. मग वाकून डूकच्या गळ्यातला पट्टा सोडला. चामड्याचा, पितळी बकलाचा. फार मळलाय, धुऊन पाठवते म्हणाल्या. बेबी गाडीतून उतरली नाही. काच वर होती.

गाडी गेल्यावर रुपरावनं एवढंच विचारलं, "'दोनों' म्हणजे कोन-कोन वं?"

"मी आन् तुमी."

"मले तं वाटलं, तू आन् डूक."

त्या रात्री ते दोघं जेवले की नाही, माहीत नाही. डूक जेवला.

आता नागपुरात थंड आणि कोरडी जागा कुठे शोधायची? आमच्याकडे थंड असतं ते ओलं असतं, आणि कोरडं असतं ते तापतं. थंड आणि कोरडी अशी जागा फक्त साहेबांच्याच बंगल्यात असावी. अंजनाबाईनं गोड्या तेलाचा रिकामा पिपा राखेनं घासला, तीन दिवस वाळवला, त्यात पुडक्यातले दाणे ओतले, झाकणाभोवती कणकेचा लेप दिला आणि तो पिपा देवाच्या फळीखाली ठेवला. रोज सकाळी लेप फोडायचा, दोन मुठी काढायच्या, पुन्हा लेप. कणीक माझ्या गिरणीतून यायची. "देवाले नैवेद्य एकदा, कुत्र्याले दोनदा," रुपराव म्हणायचा.

दोन महिने झाले. बोलावणं आलं नाही. दोन मुठींची एक मूठ झाली.

दसऱ्याच्या आसपास अंजनाबाई वाटीत दाणे घेऊन गिरणीवर आली. दाणे सादळले होते, बोटानं दाबले की दबत होते, आणि वाटीच्या काठावरून दोन सोंडे सावकाश फिरत होते. "आता काय करू वं, प्रेमिला?" तिचा आवाज असा, जसं काही पोरगं तापानं फणफणतंय.

गिरणीवाल्या बाईला धान्याचं सगळं कळतं, असा लोकांचा समज असतो. माझाही होता. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं मी गिरणी चालवत होते. सक्करदऱ्यातला अर्धा गहू माझ्या सल्ल्यानं टिकायचा. मी डोळे बारीक केले, दाणा दाताखाली धरला, आणि गंभीरपणे सांगितलं, "एरंडेल लाव. तुरीच्या डाळीले लावतो तसं. हातावर घे, चोळ, दोन उनं दे, आन् वरून निंबाचा पाला टाक. सोंडा फिरकला तं मले सांग."

सोंडा खरंच फिरकला नाही.

डूक मात्र तीन दिवस बसू शकला नाही. डाळ आपण धुऊन, शिजवून खातो, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एरंडेलाचे दाणे तसेच त्याच्या पोटात गेले. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत विलायतेच्या खुणा झाल्या. अंजनाबाई बादली घेऊन मागे, डूक पुढे, आणि रुपराव ओट्यावरून, "इतला तं मी संपाच्या मोर्च्यातबी पळलो नोतो!" मी हसले. मग अंजनाबाईचं तोंड पाहिलं आणि हसू गिळलं. ती रस्त्यात उकिडवी बसून त्याचे मागचे पाय पुसत होती आणि बडबडत होती, "माफ कर बाप्पा, माफ कर."

डूक बरा झाला. पण त्यानंतर त्यानं त्या दाण्यांना तोंड लावलं नाही. कधीच नाही. बंगल्यातून आलेल्या चिनी मातीच्या ताटलीत ती रोज सकाळी मूठभर दाणे ठेवायची. तो यायचा, हुंगायचा, एकदा तिच्याकडे पाहायचा, एकदा चुलीकडे. मग ती कोणी पाहत नाही असं बघून त्याला भाकरीचा तुकडा द्यायची. कोणी म्हणजे ती स्वतः. ताटलीतले दाणे उचलून पुन्हा पिप्यात.

म्हणजे मॅडमनं जे जे करू नका म्हणून सांगितलं होतं, ते सगळं झालं होतं. ऊन दिलं होतं, हात लागला होता, सवय मोडली होती.

"बोलावणं आलं की पयले हेच विचारतीन," ती म्हणायची. "डूक काय खाते? मंग काय सांगू?"

"सांग, भाकर खाते. वाईट हाय का भाकर?"

"तुले नाई समजत, प्रेमिला. तो तिथचं खाईन, तं तिथचा राहीन."

तिला काय म्हणायचं होतं ते मला समजत होतं. तो तिथला राहिला तर ती तिथली राहणार होती. नऊ वर्षं सकाळी सहाला निघून बंगल्याच्या फाटकातून आत जाणारी बाई अशी गल्लीत बसली की गल्लीतलीच होऊन जाते. पापड लाटून दे, कोणाच्या बाळंतिणीचे लाडू करून दे. ती करायची, पण उभ्यानं केल्यासारखं, जसं काही गाडी लागलीच आहे.

तेव्हापासून ऊन पडलं की खाट बाहेर. दाणे वाळवायचे, चाळायचे, पाला बदलायचा. तिनं पाव, दूध, गूळ, सगळं लावून पाहिलं. डूक दूध चाटायचा आणि दाणा स्वच्छ करून बाजूला ठेवायचा. "धुऊन वापस देते, बह्याड," रुपराव म्हणायचा. "बंगल्याचं वळण हाय."

पत्रं मी लिहायची. मला लिहिणं शाळेत आलं नाही, डब्यांवर गिऱ्हाइकांची नावं घालता घालता आलं. त्यामुळे माझं अक्षर मोठं आणि ठळक, लांबून वाचता यावं असं. अंजनाबाई सांगायची, "लिही, डूक खुशाल हाय. खाणं तेच खाते." मी लिहायचे, 'ड्यूक खुशाल आहे. खाणे तेच खातो.' ती विचारायची, "बेबीले लिहिलं का, की तिचा बॉल त्यानं अजून ठेवला म्हणून?" बॉल कधीच तळ्यात गेला होता. मी तेही लिहायचे.

पहिल्या दोन पत्रांवर मी मागे आमचा पत्ता घातला नव्हता; तिसऱ्यावर घातला, आणि ते फेब्रुवारीत परत आलं. पोस्टमननं ते गिरणीवर आणून दिलं. माझ्याच मोठ्या ठळक अक्षरांवर जांभळा शिक्का, आणि शेजारी कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, की या पत्त्यावर या नावाचं कोणी नाही, कधी नव्हतं. ते 'कधी नव्हतं' मी चारदा वाचलं. मग पाकीट पेटीत, जुन्या पट्ट्यांच्या भेंडोळ्याखाली ठेवलं. गिरणीचा पट्टा तुटला की मी तुकडे टाकत नाही. त्यातलाच एक कापून मी डूकच्या गळ्याला करून दिला होता, तारेची कडी लावून. मॅडमचा पट्टा धुऊन यायचा होता तोवर.

उद्या सांगू, म्हटलं. संक्रांतीचा हलवासुद्धा इतके दिवस टिकत नाही, पण माझं उद्या टिकलं.

मेमध्ये यमुताई आल्या. त्या मुलींचं एक वसतिगृह चालवायच्या, मेडिकल कॉलेजच्या बाजूला. जूनपासून स्वयंपाकाला बाई हवी होती. राहायला खोली तिथेच, आणि रुपरावला फाटकावर बसायचं काम. बसून करायचं, खोकला आला तरी चालेल असं. दोघांना मिळून इतकं चांगलं काम आमच्या गल्लीत चालत कधी आलं नव्हतं. फक्त कुत्रा नको. मुली भितात.

"बुढा हाय तो," रुपराव म्हणाला. "मुलीच चावतीन त्याले."

यमुताई हसल्या, पण नको म्हणजे नको.

"डूकला मी ठेवते," मी म्हटलं. "गिरणीवर राहील. राखण होईल."

अंजनाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग यमुताईंकडे वळून अगदी बंगल्याच्या रीतीनं म्हणाली, "मले दिल्लीले जा लागते, ताई. आज ना उद्या बोलावतीन. तुमचं काम अर्ध्यात सोडणं बरं नाई दिसत."

यमुताईंनी माझ्याकडे पाहिलं, मी रुपरावकडे, रुपरावनं डूककडे. डूकनं डोळे मिटले. यमुताई भल्या. म्हणाल्या, "सोमवारपर्यंत विचार करा."

शनिवारी रुपराव गिरणीवर आला. दळण नव्हतं. पिठाच्या बाकड्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"तू सांग वं तिले," तो म्हणाला. "तुह्यावाल्या अक्षरावर तिचा भरोसा हाय."

"काय सांगू?"

"तुह्या पेटीत हाय ते."

गिरणीचा पट्टा नुसता हलत होता.

"पोस्टमन मले बोलला होता," तो म्हणाला. "मलेबी नाई सांगता येत. मी सांगतलं तं म्हणन, तुमाले फाटकावर बसाचं हाय म्हणून सांगता." थोडा थांबून म्हणाला, "आन् खरंच बसाचं हाय मले. इथं नुसता बसतो, तिथं कामावर बसलो असतो."

मी रविवारी गेले होते सांगायला. देवाशप्पथ गेले होते. पाकीट कमरेला खोचलं होतं. अंजनाबाई दारात डूकला विंचरत होती. मला पाहून म्हणाली, "पाय ना, कसा साहेबासारखा दिसते. फोटो काढून पाठवू का वं मॅडमले?" मी म्हटलं, पाठवू. आणि दसऱ्याला दिलेली एरंडेलाची बाटली परत मागून घरी आले.

सोमवार गेला. बुधवारी कळलं, यमुताईंनी रुखमाबाईला ठेवलं. तिचा नवरा फाटकावर.

रुपराव त्यानंतर कुरकुरला नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. कुंपणाच्या पलीकडून नुसता खोकला यायला लागला, मधल्या शब्दांशिवाय.

शुक्रवारी सकाळी एक वास आला. खवट, जड, जुन्या समईसारखा. मी पाकीट घेतलं आणि कुंपणाला वळसा घालून गेले. अंजनाबाईनं पिपा अंगणात आणून उलटा केला होता. दाण्यांना जाळं धरलं होतं. गोळेच्या गोळे, पांढऱ्या धाग्यांनी गुंडाळलेले, आणि आत अळ्या. निंबाचा पाला काळा पडला होता. ती सूप घेऊन पाखडत होती. मला तिनं दुसरं सूप दिलं. मी बसले. दोघी निवडायला लागलो. तिच्या डाव्या हाताला चांगल्याचा ढीग, उजव्या हाताला वाईटाचा. चांगल्याच्या ढिगात सात दाणे होते.

"हा चांगला हाय," मी एक दाणा पुढे केला.

तिनं उन्हात धरून पाहिला. "पोकळ हाय," म्हणाली आणि वाईटात टाकला.

रुपराव ओट्यावर पाठ टेकून बसला होता. डूक त्याच्या पायाशी, पुढच्या दोन पंजांत भाकरीचा तुकडा धरून, सावकाश, दाढेनं खात होता.

"रुखमाबाईले ठेवलं ना यमुताईनं?" अंजनाबाईनं विचारलं.

"हाव."

"तिची भाजी खारट असते."

"पोरी पाणी पितीन."

ती जराशी हसली. मी कमरेचं पाकीट काढलं. हाताच्या घामानं कोपरे मऊ झाले होते. मी ते तिच्यापुढे धरलं. तिनं पाकिटाकडे पाहिलं, जांभळ्या शिक्क्याकडे पाहिलं, आणि सूप हलवत राहिली.

"ठेव तुह्यापाशी," ती म्हणाली. "मले माईत हाय."

"कधीपासून?"

"पोस्टमन पयले माह्याकडंच आला होता. म्हणे, वापस आलं, घेता का? म्या म्हणलं, मले वाचता येत नाई, गिरणीवर दे." सुपातला फोल तिनं फुंकून उडवला. "तू कधी सांगतं, पाहून राहिली होती. तू नाई सांगतलं. बरं वाटलं मले."

रुपरावनं मान वर केली. तीन-चार महिने आम्ही तिघं एकाच पाकिटावर बसून होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याला काटा टोचू नये.

मला राग आला. स्वतःचा, तिचा, त्या हसणाऱ्या कुत्र्याच्या चित्राचा. "मंग यमुताईले नाई काहून म्हणाली वं तू? माईत होतं तं? घरात चूल कशी पेटते ते मले माईत नाई का?"

"हाव म्हणलं असतं, तं सांगा लागलं असतं."

"काय?"

तिनं दोन्ही ढीग एकत्र केले, ते सात चांगले दाणेही त्यात, आणि पदरात भरून गटारीच्या काठाला नेऊन ओतले. दोन चिमण्या आल्या, उड्या मारत जवळ गेल्या, चोच लावली आणि उडून गेल्या. एरंडेल त्यांनाही कळलं असावं. अंजनाबाई परत आली, पिप्यात हात घालून तळ चाचपला, मग पिपा पालथा घालून त्यावर बसली.

"डूक," तिनं हाक मारली.

तो उठला. भाकरीचा तुकडा तोंडातच ठेवून तिच्यापाशी आला. तिनं त्याच्या गळ्याखाली हात घातला, माझ्या गिरणीच्या पट्ट्याखाली, जिथे तारेची कडी घासून केस गेले होते. तिथे बोट फिरवत राहिली.

"बेबी खाली उतरली नाई, तवाच समजलं होतं," ती म्हणाली. आवाज साधा, भाजीत मीठ किती घालायचं ते सांगावं तसा. "पत्ता देऊन गेली बाई आन् पट्टा घेऊन गेली. न्याचा असता त्याले, तं पट्टा इथंच नसता का ठेवला? धुवाले नाई नेला वं तो. दुसऱ्या कुत्र्याले नेला."

"अंजना," रुपराव म्हणाला. लोकांसमोर त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. डूकच्या तोंडातून पडलेला भाकरीचा तुकडा उचलला, धूळ झटकली आणि पुन्हा त्याच्या तोंडात दिला.

"टाकून गेले ते," ती म्हणाली. "दोघाईले. त्याले आन् मले."